ऊनदऱ्याचं वरचं कुंड

नाना, गेल्या महिन्यात भर ग्रामसभेत मी उभी राहिले आणि ऊनदऱ्याचा तुम्ही सांगायचात तो इतिहास खोटा आहे, असं म्हणाले. माईक माझ्या हातात होता, देवळापुढच्या मंडपात अख्खं गाव बसलं होतं, आणि दादा पुण्याहून मुद्दाम आला होता, तो पहिल्या रांगेत होता. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. "मेलेल्या बापाला चव्हाट्यावर आणलंस," एवढंच म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं. केल्याचं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण जे गावाने ऐकलं ते तुम्हीही ऐकायला हवं. तुम्ही असताना तुमच्या बोलण्यात कुणी मध्ये तोंड घालायचं नसे, आणि मुलीने तर नाहीच. आता मध्ये थांबवायला तुम्ही नाही आहात, तेव्हा ऐकून घ्या.

तुमचा इतिहास मला पाठ आहे. संध्याकाळचा चहा झाला की आपल्या लॉजच्या ओट्यावर पाहुणे खुर्च्या ओढून बसायचे. भुसावळचे रेल्वेतले लोक, जळगावचे व्यापारी, सुरतेहून आणि इंदूरहून आलेली म्हातारी माणसं. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाची कंबर, कुणाच्या अंगावर चट्टे. तुम्ही कठड्याला टेकून उभे राहता आणि सांगायला लागता. इथे सगळं जंगल होतं, वाघ होते, डोंगरात हे गरम पाणी आहे याची कुणाला खबर नव्हती. मग तुमच्या गोष्टीत साहेब येतो. संधिवाताने आखडलेला, पाय टेकवता न येणारा. त्याला मेण्यात घालून सातपुड्यात आणतात, तो वरच्या कुंडात महिनाभर बसतो आणि परत जाताना स्वतःच्या पायांनी डोंगर उतरून फैजपूरपर्यंत चालत जातो. तो बंगला बांधतो, रस्ता काढतो, कुंडाला दगडी पायऱ्या घालतो, आणि आपल्या पणजोबांच्या हाती कुंडाची देखरेख देऊन विलायतेला निघून जातो. मग धर्मशाळा होते, लॉज होतात, तांब्याच्या लोट्यांची आणि बाटल्या भरून पाणी विकणाऱ्यांची दुकानं लागतात, खालून एसटी वर यायला लागते. "ऊनदरा साहेबाने शोधलं आणि आमच्या घराने राखलं," हे तुमचं शेवटचं वाक्य. पाहुणे माना डोलावायचे.

मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. ओट्याच्या कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, पण साहेबाला इथे आणलं कोणी?"

"भोयांनी. पाड्यावरच्या माणसांनी."

"मग त्यांना आधीच माहीत होतं ना, इथे गरम पाणी आहे म्हणून?"

एक पाहुणा खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत. "आत जा," तुम्ही म्हणालात, "पोरीच्या जातीने मोठ्यांच्यात बोलू नये." मी शेंगांची परात उचलून आत गेले. त्या दिवशी तुम्ही उत्तर दिलं असतंत, अगदी खोटं जरी दिलं असतंत, तरी मी बहुधा विसरून गेले असते. उत्तर मिळालं नाही म्हणूनच तो प्रश्न माझ्याजवळ राहिला.

आत आई होती. आई कायम आतच होती. लॉज भरलेलं असलं की सकाळपासून दोन चुली पेटायच्या. एकीवर वरण, दुसरीवर बट्टीचं पाणी, बाहेर अंगणात भरताची वांगी भाजायला टाकलेली, आणि दुपारी पुन्हा कळण्याच्या भाकऱ्या. आई धुळ्याकडची. तिची अहिराणी आपल्या घरात हसण्यावारी नेत, आत्या तर तिच्या तोंडावर तिची नक्कल करायची. म्हणून ती पाहुण्यांसमोर बोलायचीच नाही. तिचे गुडघे माझ्या आठवणीत नेहमीच सुजलेले आहेत. उठताना ती एक हात जात्यावर आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवायची. तुमच्या ओट्यावर कुठल्या कुठल्या गावांचे गुडघे येऊन बरे होत होते, नाना, आणि त्यांची भाकरी थापणारीचे गुडघे ओट्यामागच्या भिंतीआड आखडत चालले होते. हे तुम्हाला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसत होतं. पण घरच्या बाईने कुंडात उतरायचं नाही हा नियम होता, आणि नियम तुमच्याकडे होते.

वरचं कुंड सगळ्यात गरम आणि स्वच्छ. त्याला भिंत, दार आणि कुलूप. तिथे पाहुणे पुरुष, आणि दुपारची वेळ ठरवून पाहुण्या बायका. मधलं कुंड गावाचं. आणि त्यातून वाहून आलेलं, साबणाचं, निवत आलेलं पाणी जिथे साठतं ते खालचं कुंड. तिथे पाड्यावरचे पावरा आदिवासी, तिथेच कपडे, तिथेच म्हशी. हे असं कोणी ठरवलं असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पहिल्यापासून आहे." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? पाणी तर डोंगरातून निघताना कुणाचं कूळ विचारत नव्हतं.

मला जळगावला नर्सिंगला पाठवलंत हे मात्र मी विसरलेले नाही. नातेवाइकांनी नावं ठेवली, तुम्ही ऐकलं नाहीत. निघायच्या दिवशी तुम्ही खिशातून घड्याळ काढलंत. "नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो म्हणे," असं म्हणून माझ्या मनगटावर स्वतः पट्टा आवळलात. ते घ्यायला तुम्ही भर उन्हात जळगावची फेरी केली होतीत, आणि घरात कुणाला बोलला नव्हतात. तुम्ही वाईट बाप नव्हतात. असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मग ती मे महिन्यातली दुपार. मी शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीला आले होते. हंगाम संपलेला, लॉज रिकामं, तुम्ही केळीच्या कामाला सावद्याला गेलेले. वॉर्डात मी दिवसभर लोकांच्या सांध्यांना गरम पाण्याचा शेक देत होते आणि इथे घरापासून हाकेच्या अंतरावर डोंगर फुकट शेक देत होता. मी खुंटीवरची किल्ली काढली आणि आईला म्हणाले, "चल." ती घाबरली. मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. लुगड्यासकट ती पायरी पायरीने पाण्यात उतरली, गळ्याइतक्या पाण्यात बसली, आणि तिने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचं एकेक काहीतरी सुटत चाललेलं मी पाहिलं. मी तिचे गुडघे पाण्याखाली हळूहळू दाबून दिले.

तुम्ही लवकर परत आलात. दारात उभे राहिलात आणि तुमची पाहुण्यांसाठीची गोळीबंद भाषा गळून पडली. "कोनाले इचारून उघडलं?" तुम्ही ओरडलात. "बाहेर ये आधी. लोकं काय म्हनतीन?"

मी उठायला लागले. आई उठली नाही. तिने डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला तुमच्या तोंडावर, तिच्या बोलीत, उत्तर दिलं. "आते नही निंघाव मी. मना गुडघा इतला वरीस दुखी ऱ्हायनात, तुम्ही दखं का कधी? पानी बठ्ठास्नं शे."

पाणी सगळ्यांचं आहे. तुम्ही वळून निघून गेलात. आई तिच्या मनाला येईपर्यंत पाण्यात बसली आणि मगच बाहेर आली. रात्रीचं जेवण तुम्ही केलं नाहीत. दुसऱ्या दिवसापासून किल्ली खुंटीवरून नाहीशी झाली आणि तुमच्या कमरेच्या करगोट्याला आली. तुम्ही तिच्यावर हात उचलला नाहीत, दोघींनाही एक शब्द बोलला नाहीत. फक्त किल्ली. आई त्यानंतर त्या कुंडात कधी उतरली नाही. तिला कुणी अडवलं असं नाही, पण कमरेची किल्ली मागायची कशी? पुढे बरीच वर्षं ती जगली. एकदा भाकरी थापता थापता, मी काही न विचारताच, ती म्हणाली, "त्या दिनले भलतं चांगलं वाटनं माले." इतकंच. नाना, नवऱ्याच्या गावी घालवलेल्या एवढ्या आयुष्यात माझ्या आईच्या वाट्याला एक दुपार आली, आणि ती मी चोरून आणली होती. ग्रामसभेत मी जे बोलले ते या एका दुपारच्या जोरावर बोलले.

तुमचंही पुढे काय झालं ते लोकांना सांगितलं. आई गेल्यावर दोन पावसाळ्यांनी तुमची डावी बाजू गेली. मी रजा काढून आले. दादा आला, पैसे ठेवून गेला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं केलं, पण तुम्हाला कुंडच हवं होतं. वाकड्या तोंडाने तुम्ही "वरचं, वरचं" करत राहिलात. एकटीने तुम्हाला उचलणं शक्य नव्हतं. आपल्या आळीतले जे ते कामाला गेलेले, किंवा नको म्हणणारे. मग मी पाड्यावर गेले आणि दोन भाऊ आले. त्यांनी तुम्हाला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून वर नेली. पायऱ्यांवर येऊन दोघं थांबले. पाण्यात पाय घालेनात. मला क्षणभर कळलंच नाही, मग कळलं. मी म्हणाले, "उतरा, भाऊ. तुम्ही उतरल्याशिवाय यांना धरणार कोण?" त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुमची उजवी बाजू शाबूत होती, मान हलवता येत होती, होय म्हणता येत होतं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तेव्हा मीच आधी पाण्यात उतरले आणि पुन्हा म्हणाले, "या." ते आले. तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरून ते त्या पाण्यात उभे राहिले, आणि तुमचा उजवा हात त्यांच्यातल्या एकाचं मनगट घट्ट धरून होता. असं रोज चाललं, तुम्ही जाईपर्यंत. तुम्ही त्यांना एकदाही नाव विचारलं नाहीत. मी विचारलं.

तेराव्यानंतर मी वरच्या कुंडाचं कुलूप काढलं. काका घरी येऊन भांडले, देवस्थानातली मंडळी येऊन गेली, कुणीतरी दाराला नवं कुलूप लावलं तेही मी लोहाराकडून तोडून घेतलं. मी नोकरी संपवून कायमची इथे राहायला आले, कारण दादाला लॉज नको होतं आणि तुमचं म्हणणं होतं की बाईच्या हातात लॉज टिकत नाही. टिकलं आहे. पूर्वीसारखं भरत नाही, हे खरं. गुडघे आता जळगावला ऑपरेशनने बदलून मिळतात, मलमं आहेत, गोळ्या आहेत. साहेबाच्या बंगल्याचं छत बसलं, बाजारातली निम्मी दुकानं मोबाइल रिचार्जची झाली. खाली केळीसाठी बोअर खोल खोल जात आहेत आणि उन्हाळ्यात मधलं कुंड पायरीभर खाली जातं. पण थंडीत माणसं येतात. पाड्यावरच्या बाळंतिणी येतात. तुमच्या पाहुण्यांची नातवंडं येतात आणि सगळी एकाच पाण्यात बसतात. पहिली काही वर्षं कुणी कुणाच्या शेजारी बसेना, आता गप्पा मारतात. कुणाचं काही बिघडलेलं मला तरी दिसलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी बाहेरची कंपनी आली. शेजारची जमीन घेतली, डोंगराला भोक पाडून गरम पाण्याच्या टाक्यांसाठी खड्डे खणले, आणि वरचं कुंड भाड्याने मागितलं. त्यासाठी ग्रामसभेचा होकार हवा होता, म्हणून गेल्या महिन्यातली ती सभा. कंपनीचा मुलगा फार गोड बोलणारा. पडद्यावर चित्रं दाखवली: काचेची छपरं, पांढऱ्या खुर्च्या, कुंडाभोवती उंच भिंत. आठवड्यातला एक दिवस गावकऱ्यांना मोफत, असं म्हणाला तेव्हा काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग तो इतिहासावर आला. इथे घनदाट जंगल होतं, कुणाला ठाऊक नव्हतं, एका इंग्रज अधिकाऱ्याने शोध लावला, आणि गावातल्या एका प्रतिष्ठित घराण्याने हा वारसा जपला. नाना, शब्द न् शब्द तुमचा. दादाने त्याला सांगितला होता. आणि मी तिथे बसल्या बसल्या पाहिलं, की ती गोष्ट कुठल्या कामाची आहे. जे कुणाला ठाऊकच नव्हतं, ते ज्याने शोधलं त्याचं. मग त्याने ज्याला दिलं त्याचं. मग तो ज्याला विकेल त्याचं. भिंत त्या गोष्टीतच होती, विटा फक्त आता येणार होत्या.

मी उठले. म्हणाले, मी त्या प्रतिष्ठित घराण्यातली आहे, आणि हे खोटं आहे. साहेबाला चालता येत नव्हतं. त्याला इथे ज्यांनी खांद्यावर आणलं त्यांना हे पाणी आधीच ठाऊक होतं, म्हणून तर इथे आणलं. शोध त्यांचा. आमच्या घराने पाणी राखलं नाही, कुलूप राखलं. माझ्या आईला आम्ही त्या पाण्यात उतरू दिलं नाही, आणि माझ्या बापाला शेवटी त्याच माणसांच्या खांद्यावरून तिथे जावं लागलं. काका उभे राहून ओरडले, "बस खाली! बापाची अब्रू काढते!" मी म्हणाले, "काका, अब्रू काढत नाही, नानांचा इतिहास पुरा करते आहे. बसणार नाही." आणि मी बसले नाही, नाना. मग मागून, बायकांच्या घोळक्यातून, पाड्यावरची एक बाई उठली. लांबलचक काही बोलली नाही. "कुलूप आम्ही पाहिलंय," म्हणाली. "आता भिंत पाहायची नाही." आणि तिने हात वर केला. सरपंचांनी अजून मत मागितलंही नव्हतं. तिच्यामागे बायकांचे हात वर गेले, मग तरुण पोरांचे, मग ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्यातल्याही काहींचे. कुंड भाड्याने द्यायचा ठराव पडला. कंपनीच्या मुलाने पडदा गुंडाळला. खणलेले खड्डे तसेच आहेत, त्यात पावसाचं पाणी साचून बेडकं झाली आहेत. ते परत येतील, याहून मोठा माणूस घेऊन येतील, याची मला खात्री आहे. येऊ देत. मी इथेच आहे, आणि आता एकटी नाही.

दादा म्हणाला तसं मी तुम्हाला उघडं पाडलं असेन. पण माझ्या बोलण्यात तुम्ही साहेबापेक्षा मोठे होतात, हे त्याला ऐकू आलं नाही. साहेब बरा होऊन निघून गेला. तुम्ही त्या पाण्यात, त्या दोघांच्या मध्ये, त्यांचं मनगट धरून होतात. डोळे मिटलेत, पण हात सोडला नाहीत. मी त्यालाही इतिहास म्हणते.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, दादालाही नाही. घडी घालून लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं. कुलूप काढलं, गावाशी भांडले, सख्खा भाऊ गमावून बसले, ते सगळं त्या पाण्यासाठी. आणि मला, नाना, त्या पाण्याचा वास लहानपणापासून आवडत नाही. सडक्या अंड्यासारखा येतो. पाहुण्यांना मी सांगते की सवय होते. मला अजून झालेली नाही.